कार्यवाहांच्या हातात काय द्यायचे?

आमच्या गावातल्या एका जुन्या कलासंस्थेचे कार्यवाह बत्तीस वर्षांच्या सेवेनंतर निवृत्त व्हायचे होते. कार्यकारिणीच्या सभेत शाल, श्रीफळ आणि मानपत्र यांवर कोणाचे दुमत नव्हते. त्यात अध्यक्षांनी तैलचित्राची भर घातली आणि ठराव टाळ्यांच्या गजरात संमत झाला. मराठीचे प्राध्यापक म्हटले की मानपत्राचा मजकूर आपसूक त्यांच्याकडे येतो. या न्यायाने आम्हा दोघांना तैलचित्र समितीतही घेण्यात आले. चित्रकलेतले आम्हाला फारसे कळत नाही, ही अडचण कोणाला वाटली नाही.

चित्रकार गावातलेच, साठी उलटलेले. त्यांनी संस्थेच्या कपाटातले समारंभांचे जुने फोटो मागवून घेतले. शेकडो फोटो निघाले. पाहुणे हार स्वीकारताहेत, गवई स्वर लावताहेत, मुले बक्षिसे घेताहेत. कार्यवाह मात्र प्रत्येक फोटोत कडेला होते. कुठे पाहुण्यांच्या पाठीमागे हाराचे ताट धरून, कुठे चौकटीने अर्धे कापलेले. दोन बैठका झाल्यावर चित्रकार म्हणाले, "चेहरा मिळेल. हातात काय देऊ, ते सांगा."

समितीत शांतता पसरली. एकाने पेन सुचवले, एकाने पुस्तक. कोषाध्यक्ष म्हणाले, "हात दाखवताच कशाला? छातीपर्यंत करा, खर्चही कमी येईल."

चित्रकारांचा प्रश्न वरवर तांत्रिक होता. पण तो आमच्या डोक्यातून जाईना. गवयाच्या मांडीवर तंबोरा ठेवता येतो, लेखकासमोर दौत मांडता येते. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरासाठी गोपाळ देऊसकरांनी बालगंधर्वांना रंगवले ते एकदा पुरुषवेषात आणि एकदा स्त्रीभूमिकेत. नटाचे काम त्याच्या अंगावरच असते, त्यामुळे चित्रकाराला ते शोधायला लागत नाही. पण ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या कलेसाठी सतरंज्या, परवाने, अनुदाने आणि वेळापत्रके सांभाळली, त्याचे काम चित्रात कुठे दिसणार? ते चोख झाले तर कोणाच्या लक्षातच येत नाही. संस्थेच्या इतिहासात अशा माणसाचे नाव बहुधा पत्रकाच्या शेवटी, 'आपला नम्र' या शब्दांखाली असते.

या प्रश्नाचे आम्हाला सापडलेले एक जुने उत्तर ॲमस्टरडॅममधले आहे. १६६२ मध्ये तिथल्या कापड व्यावसायिकांच्या संघाने रेम्ब्रांटकडून एक समूहचित्र करवून घेतले. त्यातली माणसे योद्धे नाहीत की उमराव नाहीत. कापडाची प्रत तपासणारे ते पाच पदाधिकारी आहेत आणि त्यांची नेमणूक वर्षावर्षाची. रेम्ब्रांटने त्यांच्यासमोरच्या टेबलावर एक वही उघडी ठेवली आणि सगळे जण काम करता करता, कोणी दारातून आत आल्याप्रमाणे, मान वर करून पाहताहेत, असा क्षण पकडला. कारभार हाही पाहण्याजोगा असू शकतो, हे या चित्राने दाखवले. पण आमची नजर अडली ती सहाव्या माणसावर. पाचही जणांच्या डोक्यांवर रुंद काठाच्या टोप्या आहेत. मागे उभा असलेला सहावा बोडका आहे. तो संघाचा सेवक. पदाधिकारी दर वर्षी बदलत असताना कपाट कुठले आणि किल्ली कुठे, हे त्याला पाठ असणार. त्याला चित्रात घेतले आणि त्याची पायरीही विसरू दिली नाही. संस्था एखाद्याचे चित्र करवते तेव्हा ती आपली उतरंडही रंगवून घेत असते.

मागणीवरून केलेल्या चित्रात आणखी एक पेच असतो. चित्र असते एकाचे, पैसे देतो दुसरा आणि ते पाहायचे असते तिसऱ्याने. जर्मनीतील हॅम्बुर्गच्या कलासंग्रहालयाचा संचालक आल्फ्रेड लिख्टवार्क याला या तिढ्याची किंमत मोजावी लागली. आपल्या शहराची माणसे आणि दृश्ये समकालीन चित्रकारांकडून रंगवून घ्यावीत, असा त्याचा ध्यास. त्यापायी त्याने शहराचे वयोवृद्ध महापौर कार्ल फ्रीडरिख पेटरसन यांचे चित्र माक्स लीबरमानकडून करवले. १८९१ मध्ये ते पूर्ण झाले. महापौर समारंभी काळ्या पोशाखात, गळ्याभोवती चुणीदार पांढरी पट्टी, हातात टोपी, असे पूर्णाकृती उभे आहेत. मानमरातब सगळा होता, पण त्या कपड्यांच्या आतला माणूस ऐंशी ओलांडलेला, थकलेला होता आणि लीबरमानने तो तसाच रंगवला. कुटुंबीय नाराज झाले, शहरातली प्रतिष्ठित मंडळी नाराज झाली, आणि पुढे बराच काळ ते चित्र पडद्याआड राहिले. कुटुंबाला आपले वडील हवे होते, नगराला आपला महापौर हवा होता. चित्रकाराने एक म्हातारा गृहस्थ पाहिला. तिघांपैकी खोटा कोणीच नव्हता.

आमच्या समितीतही हेच तीन पक्ष होते, फक्त त्यांची भाषा साधी होती. "जरा तरुण दाखवा," हे घरच्यांचे म्हणणे. "भारदस्त दिसले पाहिजेत," हे अध्यक्षांचे. आणि "ते तसे दिसत नाहीत," हे चित्रकारांचे.

या सगळ्या शोधात आम्हाला सर्वांत जवळचा वाटला तो लंडनचा जॉर्ज शार्फ. १८५६ च्या डिसेंबरात ब्रिटनमध्ये राष्ट्रीय व्यक्तिचित्र संग्रहालयाची स्थापना झाली आणि पुढच्याच वर्षी, १८५७ मध्ये, शार्फ त्याचा पहिला सचिव झाला. बाप बव्हेरियातून आलेला, शिळाछापाची चित्रे करून पोट भरणारा; मुलगाही चित्रकारच. विशीच्या उंबरठ्यावर तो चार्ल्स फेलोज या प्रवाशाबरोबर आशिया मायनरमध्ये गेला आणि तिथल्या प्राचीन अवशेषांची रेखाटने त्याने केली. पुढे पुस्तकांसाठी चित्रे काढली, व्याख्याने दिली. १८५७ मध्ये मँचेस्टरला भरलेल्या प्रचंड कलाप्रदर्शनात जुन्या चित्रकारांचा विभाग त्याने मांडला. स्वतःची चित्रकला मागे सारून दुसऱ्यांची चित्रे जपायला लागलेल्या माणसांचा एक वर्गच असतो. शार्फ त्यातला होता.

या संग्रहालयाचा मूळ दंडक मोठा विलक्षण होता. चित्र स्वीकारताना चित्रकाराच्या कौशल्यापेक्षा चित्रातल्या व्यक्तीची ख्याती पाहावी. ती ख्याती ठरवताना राजकीय वा धार्मिक पक्षपात करू नये. आणि त्या व्यक्तीच्या हातून घडलेल्या मोठ्या चुकाही तिला नाकारण्यास पुरेसे कारण मानू नयेत. राजा आणि राणी वगळता जिवंत माणसाचे चित्र भिंतीवर लावायचे नाही, असाही नियम होता. तो १९६९ पर्यंत टिकला. कीर्ती टिकते की नाही, हे काळाला ठरवू द्यावे, हा त्यामागचा विचार. आपल्याकडच्या सभागृहांत निवडणूक झाली की फोटो बदलतात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या नियमातले शहाणपण निराळे सांगायला नको.

म्हणजे शार्फचे काम होते ते मेलेल्या माणसांचे खरे चेहरे ओळखण्याचे. हे काम वाटते त्यापेक्षा अवघड असते. अमक्या सरदाराचे म्हणून पिढ्यानपिढ्या दिवाणखान्यात मिरवलेले चित्र भलत्याचेच निघते. चेहरा एकाचा आणि नाव मागाहून दुसऱ्याचे घातलेले असते. शार्फ सरदारांच्या वाड्यांतून हिंडला, चित्रे उतरवून त्यांची पाठ पाहिली, त्यांवरचे लेख टिपून घेतले. त्याच्या टिपणवह्यांमध्ये मूळ चित्राचे झरझर केलेले पण नेमके रेखाटन असते आणि त्याच्या अंगावर बारीक अक्षरांत रंगांच्या, कपड्यांच्या, मजकुराच्या नोंदी असतात. या वह्या आज त्याच संग्रहालयाच्या दप्तरात आहेत आणि अभ्यासकांना अजून उपयोगी पडतात.

संग्रहालयाला स्वतःचे घर मात्र नव्हते. १८५९ मध्ये ते वेस्टमिन्स्टरमधल्या ग्रेट जॉर्ज स्ट्रीटवरच्या एका घरात लोकांसाठी उघडले. जागा पुरेना म्हणून पुढे साउथ केन्सिंग्टनला गेले, तिथून १८८५ मध्ये शहराच्या पूर्वेकडच्या बेथनल ग्रीनला. भाड्याच्या जागेत बिऱ्हाड करून राहणाऱ्या कोणत्याही मराठी ग्रंथालयाच्या कार्यवाहाला ही कहाणी आपलीच वाटेल.

त्याच १८८५ साली वॉल्टर विल्यम ओलेस याने शार्फचे तैलचित्र रंगवले. ओलेस हा व्यक्तिचित्रांच्या धंद्यातला नावाजलेला चित्रकार. चार्ल्स डार्विन १८७५ मध्ये त्याच्यासमोर बसला होता. शार्फ तेव्हा चौसष्ट वर्षांचा होता आणि निवृत्तीला अजून दहा वर्षे होती. तरीही दीर्घ सेवेची ही चित्रे एकाच कुळातली. ज्याने अठ्ठावीस वर्षे दुसऱ्यांच्या चेहऱ्यांची शहानिशा केली, तो आता स्वतः चित्रकारासमोर बसला होता. आणि आपणच राबवलेल्या नियमानुसार, जिवंत असेपर्यंत त्याला त्या भिंतींवर जागा नव्हती. १८९५ च्या आरंभी तो प्रकृतीमुळे पायउतार झाला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये वारला. सेंट मार्टिन्स प्लेसमधली संग्रहालयाची स्वतःची वास्तू उघडली ती १८९६ च्या एप्रिलमध्ये. आयुष्यभर जिची वाट पाहिली, ती त्याला एका वर्षाने हुकली. त्याचे चित्र मात्र आज त्या संग्रहात आहे.

१८८५ हे साल आमच्या दृष्टीने आणखी एका कारणाने लक्षात ठेवण्याजोगे आहे आणि ते कारण आपल्याला लंडनहून थेट मुंबईत आणते. संग्रहालय बेथनल ग्रीनला हलले ते साउथ केन्सिंग्टनमध्ये लागलेल्या आगीनंतर. त्या वर्षी तिथल्या आगीत जळाले ते आपल्याकडचे श्रम होते. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात आणि लेण्यांतल्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवून घेत. बारा-तेरा वर्षे हा उद्योग चालला. पेस्तनजी बोमनजी यांच्यासारखे विद्यार्थी त्या कामावर वाढले. हे कॅनव्हास विलायतेला पाठवले जात आणि त्यांपैकी अनेकांची या आगीत राख झाली. जे वाचले आणि जे टिपून ठेवले होते, त्याच्या आधारे ग्रिफिथ्स यांनी अजिंठ्याच्या चित्रांवरचा दोन खंडांचा ग्रंथ १८९६-९७ मध्ये प्रसिद्ध केला.

जेजेची स्थापनाही १८५७ ची, म्हणजे शार्फच्या नेमणुकीच्याच वर्षाची. ग्रिफिथ्स १८६५ मध्ये मुंबईत आले आणि १८९५ मध्ये, शार्फ पायउतार झाला त्याच वर्षी, इथली तीस वर्षांची कारकीर्द संपवून परतले. सालांचे हे जुळणे निव्वळ योगायोग आहे, त्यातून कसला सिद्धांत काढायचा नाही. पण दोन्ही संस्था एकाच काळाच्या लेकी आहेत, हे मात्र खरे. कला ही राजाच्या मर्जीवर न सोडता समित्या, नियम, परीक्षा, वार्षिक अहवाल यांच्या आधारे चालवायची गोष्ट आहे, हा त्या काळाचा विश्वास होता. कलेचा कारभारी नावाचा प्राणी जन्माला आला तो या विश्वासातून. त्यापूर्वी आश्रयदाता होता, आश्रित होता. मधला माणूस असला तरी त्याचे चित्र काढावे, असे कोणाला सुचले नसते.

याच जेजेतून तैलरंगातल्या व्यक्तिचित्रांची मुंबईची परंपरा उभी राहिली. पिठावाला, त्रिंदाद, सा. ल. हळदणकर, देऊसकर ही नावे त्या परंपरेतली. नगरपालिकांची सभागृहे, ग्रंथालये, शाळा, नाट्यगृहे यांच्या भिंतींना तैलचित्र हवेसे झाले आणि 'अनावरण' हा शब्द मराठी वर्तमानपत्रांत नित्याचा झाला. देणगीदार, संस्थापक आणि पुढारी भिंतीवर चढले. ज्यांनी संस्था दिवसेंदिवस चालवली, त्यांची रांग बरीच मागे राहिली. अजिंठ्याच्या अंधाऱ्या लेण्यांत वर्षानुवर्षे नजर ताणून बसलेल्या विद्यार्थ्यांचे चेहरे तर आपण आठवायलाच गेलो नाही.

अशा कारभाऱ्यांपैकी एकाने भिंतीची वाट पाहिली नाही. महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० मध्ये कोल्हापूरहून येऊन जेजेत विद्यार्थी म्हणून दाखल झाले, तिथेच शिक्षक झाले, आणि निवृत्तीआधी काही काळ संस्थेच्या संचालकपदाचे काम पाहणारे ते पहिले भारतीय ठरले. १९३१ मध्ये ते निवृत्त झाले. स्वतः निष्णात चित्रकार, दुसऱ्यांची असंख्य चित्रे केलेले. त्यांच्या आठवणींचे 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' हे पुस्तक १९४० मध्ये आले. मराठीच्या अभ्यासकांनी हे शीर्षक नीट वाचावे. त्यात 'माझी' हा शब्द नाही, 'चित्रकार' हाही नाही. आहे ती एक वास्तू आणि एक संख्या. आत्मचरित्राच्या नावातही त्यांनी स्वतःला संस्थेच्या आवारात उभे केले आणि हजेरीपटावरचा आकडा बरोबर घेतला. कलेच्या कारभाऱ्याचे इतके नेमके व्यक्तिचित्र आम्हाला दुसऱ्या कुठल्या शीर्षकात आढळले नाही.

इथवर आल्यावर आमचे मत बनले ते असे. निवृत्तीचे तैलचित्र हा संस्थेने स्वतःशी केलेला एक कबुलीजबाब असतो. या माणसाचे नक्की काय काम होते, हे आपल्याला कळले होते का, एवढेच त्यातून सिद्ध होते. ते कळले नसेल तर चित्रकाराला खुर्ची, कोट आणि पेन रंगवावे लागते. मग चित्र त्या पदाचे होते आणि उद्या त्या पदावर येणाऱ्या कोणाचेही नाव त्याखाली चालून जाते. पुढच्या शतकातल्या कोणा शार्फने ते उतरवून त्याची पाठ पाहिली, तरी त्याला काही सापडणार नाही. म्हणून हातात काय द्यायचे, हा प्रश्न शोभेचा नसून पुराव्याचा आहे.

हे सगळे आम्ही समितीसमोर मांडले, अर्थात याहून बरेच थोडक्यात. अध्यक्ष म्हणाले, "मग तुम्हीच सांगा, काय द्यायचे?" आणि आमच्यापाशी उत्तर नव्हते. रेम्ब्रांटचा तो बोडका सेवक तेव्हा आठवला. आम्ही चहाचे कप गोळा करणाऱ्या शिपायाला विचारले, "नानांच्या हातात नेहमी काय असायचं हो?" त्याने क्षणभरही विचार केला नाही. म्हणाला, "पावतीपुस्तक. लग्नाला गेले तरी बरोबर असायचं. कोण कधी सभासद होईल, सांगता येतं का?"

अध्यक्षांना ते पटले नाही. वर्गणी मागणारा माणूस म्हणून कार्यवाहांना भिंतीवर कायमचे टांगायचे का, हा त्यांचा प्रश्न होता आणि त्यात नानांविषयीचा आदरच होता. पण संस्था बत्तीस वर्षे कशावर चालली, असे चित्रकारांनी विचारल्यावर कोषाध्यक्षांनीच मान हलवली. हात रंगवण्याचा जादा खर्चही मग त्यांनी मंजूर केला.

अनावरण झाले. चित्रात नाना खुर्चीच्या कडेला किंचित पुढे झुकून बसले आहेत, जणू कोणी आत आले तर चटकन उठता यावे. उजव्या हाताखाली मिटलेले पावतीपुस्तक आहे. भाषणे झाली, मानपत्र आम्हीच वाचले. नंतर नाना चष्मा पुसत चित्राजवळ गेले. चेहऱ्याकडे त्यांनी फारसे पाहिले नाही. बराच वेळ ते हाताशी वाकून पाहत राहिले आणि मग चित्रकारांना हळूच म्हणाले, "बाकी झकास. पण आपल्या पावतीपुस्तकाचं वेष्टन लाल नाही, निळं असतं."

पुढच्या आठवड्यात चित्रकार रंगपेटी घेऊन संस्थेत आले आणि त्यांनी ते निळे केले.